खार, भुरी आणि तात्या

भुरी ही कुणी बाई असावी, असं मला बरीच वर्षं वाटायचं. शाळा बारामतीत, इंग्रजी. सुट्टीला वरकुट्याच्या घरी आले की मोठी माणसं दबक्या आवाजात म्हणायची, "भुरी आलीया." मी मुकाट्यानं चहाचा एक कप जास्त मांडायचे.

पुढं कळलं, ती द्राक्षावरची बुरशी. पण पाहुणी म्हणून मी अगदीच चुकले नव्हते. न बोलावता येते, आवाज न करता बसते, वेलीचंच खाते आणि पांढरी पावडर लावून घडाघडावर मिरवते. निघेपर्यंत मणी तडकलेले असतात.

खारीला हे जमत नाही. ती बांधावरच्या कडुलिंबावर राहते, दिवसभर किरकिरते आणि चार मणी खायचे तेही भर उन्हात, सगळ्यांच्या देखत. आरोपी व्हायला आणखी काय लागतं?

यंदा मणी तडकले. फवारणी तात्यांकडं, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांकडं होती, आणि ऐन फवारणीच्या दिवसांत तात्या मित्राच्या लग्नात वरातीपुढं नाचण्याची जबाबदारी पार पाडत होते. परवा जेवताना त्यांनी निकाल दिला, "खारींनी बाग खाल्ली. उद्या लिंबच पाडतो."

तो लिंब माझा आहे. म्हणजे कागदावर नाही. पण घरात पाहुणे आले आणि "ही बोलत का न्हाय?" सुरू झालं की मला जायला तेवढी एकच जागा आहे.

चार माणसांत मी मीठसुद्धा मागत नाही. त्या दिवशी ताटाकडं बघत विचारलं, "तात्या, खार मणी फोडायच्या आधी त्याला पावडर लावती का?"

आजोबांना, आमच्या आबांना, ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, "पांढरं हाय व्हय रं मण्यावर?"

"थोडं हाय. पण आबा, खारी लई माजल्यात..."

"खारीचं ऱ्हाऊ दे. औषध कधी मारलंस?"

तात्यांनी आमटी मागितली. वाटी भरलेलीच होती.

लिंब राहिला. तात्या पहाटेच पंप घेऊन बागेत गेले. तेव्हापासून ते माझ्यावर खार खाऊन आहेत. खार मात्र द्राक्षंच खाते.