व्याज कमी का आलं

चाळीस वर्षं न डगमगता इंजेक्शनं देणाऱ्या नर्सबाई कागदपत्रांना मात्र घाबरत. म्हणून एका फायनान्स कंपनीत ठेवीचं खातं त्यांना भाच्याने उघडून दिलं होतं. शेअर विकून आलेली रक्कम त्यात ठेवली होती, पण तिच्यावरचं व्याज सांगितल्यापेक्षा कमी जमा झालं आणि बाईंच्या मनात पाल चुकचुकली. आठवडाभर त्यांनी भाच्याचा फोन उचलला नाही. शेवटी त्या एकट्याच कंपनीच्या ऑफिसात गेल्या.

"यातले पैसे कुणी काढले का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही हो काकू," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "व्याजातून आधीच कर कापून घेतात. ही बघा नोंद."

बाईंचा जीव भांड्यात पडला. जिन्यातूनच त्यांनी भाच्याला फोन लावला.

"मावशी, माझं काही चुकलं का?"

"नाही रे, माझंच चुकलं. जेवायला ये, सगळं सांगते."