झाकणाच्या आतली सही

औशातल्या मेकॅनिकने माझ्या व्हीसीआरमध्ये छोटी मोटर बसवली होती. बटण दाबलं की प्लेवरून रिवाइंडवर जायचं काम ती करायची. व्हीसीआर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला त्याने ही युक्ती चहा पाजून समजावली. पुढे कंपनीने तिचं पेटंट घेतलं आणि नक्कल केल्याची नोटीस त्यालाच धाडली.

दुरुस्तीनंतर झाकणाच्या आत तारीख घालून गिऱ्हाइकाची सही घ्यायची त्याची रीत होती. मी माझ्या व्हीसीआरचं झाकण घेऊन त्याच्यासोबत कंपनीच्या ऑफिसात गेलो. तारीख पेटंटच्या अर्जाआधीची होती.

कंपनीचा वकील हसला. "असं आज बसूनही कुणी लिहील."

"साहेब, सही ह्या पत्रकाराची हाय, माझी न्हाई," मेकॅनिक म्हणाला.

त्यांनी झाकण हातातही घेतलं नाही. शेवटी, अशी मोटर पुन्हा बसवणार नाही, असं त्याच्याकडून लिहून घेतलं. त्या कागदावरची सही मात्र त्यांना लगेच खरी वाटली.