खालून उघडायची पेटी

मला उभं केलं ते पांढुर्ण्याच्या संत्र्यांच्या शेडमधल्या मामांनी, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढं मी त्यांच्यावर रागावणार आहे. त्यांच्याइतका चीड आणणारा माणूस जाम नदीच्या दोन्ही काठांवर झाला नसेल. शेडचे मुकादम, पण सकाळचा झाडू स्वतः मारणार आणि कुणी हातातून घ्यायला गेला तर अंगावर धावणार. भरलेली पेटी ते वरून कधी बघत नसत. उलटी करायची, बुडाची फळी उचकटायची आणि तळातलं संत्रं काढून उभ्या उभ्या खायचं. "वरचं तं नवरदेवाचं तोंड हाय बाप्पा, खालचं दाखव!" ज्याला डागी संत्रं सापडेल त्यानं "डागी!" म्हणून बोंबलायचं आणि मामांनी त्याला ढिगातलं सगळ्यात देखणं फळ द्यायचं, असा तिथला रिवाज. चौथीत शाळा सुटलेला, नुकतं लग्न झालेला मी सौंसरहून आलो, तेव्हा मला वाटलं, ही शेड आहे की लग्नघर? दिवसभर बोंबाबोंब! पण आमचा माल दिल्लीवाले डोळे मिटून घेत.

राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या, नागपूर पलीकडच्या राज्यात गेलं, आम्ही अलीकडं राहिलो, त्याच हंगामात मालकांनी जावयाला मॅनेजर म्हणून आणून बसवलं. अजूनही त्याची आठवण निघाली की माझे दात आवळतात. "नवं राज्य, नवी शिस्त! मला एकही डागी संत्रं दिसता कामा नये. दिसलं की भरणारा घरी जाईल." मग काय, दिसेनासं केलं! आठवड्यात शेड मुकी झाली आणि डागी संत्री गवताखाली, पेटीच्या तळाला गेली. "काऊन बे, कोणी बोलून नाही राहिलं?" मामा एकटेच ओरडत. पेटी उलटी करायला गेले, तर "वेळ वाया जातो" म्हणून तेही बंद.

रेल्वेची अख्खी वाघीण भरून गेलेला माल दिल्लीत सडका निघाला. मॅनेजरनं आम्हाला ओळीनं उभं केलं आणि त्याचं बोट नेमकं माझ्यावर थांबलं. मी नुसता झाकणांना खिळे ठोकणारा! पण बायकोला सातवा महिना, काम गेलं तर खायचं काय? तेवढ्यात मामा पुढं आले. त्या माणसापुढं त्यांनी हात जोडले. "शेड माही, तं सडलं ते बी माहंच. पोराले कायले भेव दाखवता साहेब?" झाडू भिंतीला टेकवला आणि चालायला लागले.

मी रस्त्यावर गाठून भांडलो, "मामा, तुमची काय चूक? त्याच्याच धाकानं डागी माल तळाला गेला, हे खरं बोलाचं होतं ना!"

"खरं बोललो असतो तं तू राहिला असता काय तिथं? जाय, खिळे ठोक."

पुढच्या हंगामाआधी त्यांनीच दिल्लीच्या अडत्याला सांगून मला इथं, त्याच्या दिल्लीच्या गाळ्यावर चिकटवलं. आता माझ्या हाताखाली चार माणसं आहेत. डागी सापडलं की तीही बोंबलतात, मी देखणं फळ देतो, शेजारचे दुकानदार हसतात. झाडू मीच मारतो. त्या जोडलेल्या हातांचा राग मात्र अजून जात नाही. मामा, एक दिवस पांढुर्ण्याला येईन, माझ्या हातानं भरलेली पेटी तुमच्या ओट्यावर उलटी ठेवीन. फळी तुम्ही उचकटा.