दोन दारांचं घर

१४ जानेवारी. आज भोगी. सकाळपासून स्वयंपाकघरावरचा माळा रिकामा करते आहे. माहेरी मिरजेला आज संक्रांत, इथे चेन्नईत पोंगलचा आदला दिवस, घरातलं जुनं बाहेर काढायचा. लोक पहाटे रस्त्यावर फाटक्या चटया पेटवतात आणि धुरानं निम्मी गल्ली खोकत बसते. मी पेटवत नाही, भंगारवाल्याला देते. आज तीन प्रेशर कुकर निघाले, तिन्ही बिनरिंगचे, आणि मुलाचा लहानपणचा वॉकर. वॉकर बाजूला ठेवला, मग पुन्हा भंगारात घातला. सुनेला नवाच हवा असणार.

जेवायला मुलगा, सून आणि माझी नणंद येणार होती. उद्यापासून तमिळ पंचांगाचा थै महिना लागतो. त्याआधीच्या मार्गळी महिन्यात इथे कुणी घर ठरवत नाही. महिनाभर बिल्डरांची विक्रीची ऑफिसं ओस असतात आणि थैच्या पहिल्या दिवशी, सणाची सुट्टी असूनही, तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. उद्या मुलगा बुकिंग करणार होता.

मी बँकेत आहे, गृहकर्ज विभागात. शहर कुठे सरकतंय ते मला वर्तमानपत्राच्या आधी कर्जाच्या फायलींवरून कळतं. मी नोकरीला लागले तेव्हा लोक वेळच्चेरीला जात होते. मग सगळे जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर गेले, कारण संगणकाच्या कंपन्या तिकडे गेल्या. आता फायली पश्चिमेच्या येतात, पूनमल्ली आणि त्याच्याही पुढच्या, जिथे मेट्रो पोचते आहे आणि कारखान्यांतली तरुण मुलं राहायला बघतात. माझा मुलगा त्यांतलाच. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे.

घरांची घडणही बदलते आहे. अलीकडे माझ्याकडे दोन दारांच्या घरांची प्रकरणं यायला लागली आहेत. एकाच करारात शेजारी शेजारी दोन घरं. एक मोठं, आणि त्याला लागून एक खोली, छोटासा ओटा, स्वतंत्र बाथरूम. बाहेरून दोन दारं. आत मधल्या भिंतीत तिसरं, त्याला दोन्ही बाजूंनी कडी. मला ती कल्पना पटली. मूल एक, म्हातारी माणसं दीर्घायुषी, एकत्र कुणाचं पटत नाही आणि लांब ठेवूनही चालत नाही. गेल्या दिवाळीत जेवताना मी मुलाला सांगितलं, पुढची वीस वर्षं हीच घरं चालणार, घ्यायचं तर असलं घे.

त्यानं ऐकलं. माझं तो नेहमीच ऐकतो. डिसेंबरात फोन करून म्हणाला, तसलंच घर बघितलंय, कारखान्याच्या अलीकडे, पंधरा मिनिटांवर. मोठ्या भागात आम्ही, लहान भागात अत्तै.

अत्तै म्हणजे आत्या. माझी नणंद. माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, पण माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवलं, आणि आयुष्यभर तिरुवल्लिक्केणीत एका भाड्याच्या घरात राहिली. आता मालकानं ते घर बिल्डरला दिलंय, उन्हाळ्यापर्यंत खाली करायचंय. त्यामुळे मुलाच्या म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती. मी बँकेत असायची तेव्हा शाळा सुटल्यावर तो तिच्याकडेच असायचा. तिच्या हातची कॉफी, तिच्याबरोबर क्रिकेट, तिची तंजावरी मराठी, माझ्या सासरची पिढ्यांची बोली. मी त्याला शुद्ध मराठी शिकवायला गेले आणि तो अजून तिच्यासारखं बोलतो. हे गेले तेव्हा तो रडला तिच्या खांद्यावर. मी कागदपत्रं बघत होते, कुणीतरी बघायलाच हवी होती.

मला ती खोली हवी होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. उलट भेटेल त्याला सांगत आले होते की मी माझं घर सोडणार नाही, सुनेच्या संसारात पाय घालणार नाही. सगळ्यांनी ते खरं मानलं. पण दिवाळीत त्याला ते घर समजावून सांगताना माझ्या डोक्यात माझंच कपाट त्या खोलीत लागलं होतं.

बाराला तिघं आली. नणंदेनं उसाची दोन कांडं आणली होती, तिच्या उंचीपेक्षा लांब. आत येताच तिनं माळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वैनी, तुला टाकायला काय कमी नाही." मग सुनेच्या पोटाकडे बघून हसली. सून पाचव्या महिन्यात आहे. माझ्याआधी ती बातमी तिला कळली होती, हेही इथे लिहून ठेवते.

जेवण झाल्यावर मुलानं टेबलावर आराखडा पसरला. तो आणि सून मोठ्या भागाबद्दल बोलत होते, बाळाची खोली कुठली, कामाचं टेबल कुठे. नणंद चष्मा लावून फक्त एक चौकोन बघत होती. ओटा केवढा, सूर्य कुठून, यांतलं तिनं काही विचारलं नाही. खिडकीतून काय दिसेल, एवढंच विचारलं. तिच्या आताच्या खिडकीतून बसस्टॉप दिसतो आणि कोण कुठल्या बसनं गेलं हे तिला पाठ असतं.

मुलगा म्हणाला, बाग दिसेल. विक्रीवाल्या मुलीनं तसं सांगितलं होतं. आराखड्यावर त्या बाजूला हिरवा पट्टा होताही.

मी तो पट्टा बघितला. हिरव्यात दोन पांढरे चौकोन होते, त्यांत बारीक इंग्रजी अक्षरं. एक जनरेटर, दुसरं सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र. दोन्ही बरोबर त्या खिडकीखाली. आम्ही मूल्यांकनाला जातो तेव्हा पहिल्यांदा हेच शोधतो, कारण त्या बाजूची घरं सगळ्यांत शेवटी विकली जातात. जनरेटर रोज चालवून बघतात, दिवे गेले नसले तरी. दुसऱ्याचा वास दुपारी पडतो आणि संध्याकाळी उठतो. मोठ्या भागाच्या खिडक्या दुसऱ्या अंगाला होत्या. त्रास फक्त त्या एका खोलीला होणार होता.

मुलानं विचारलं, "आई, बघितलंस ना सगळं? ठीक आहे?"

मी म्हणाले, "ठीक आहे."

त्या क्षणी मला बरं वाटलं. खोली मला नाही मिळाली, पण निदान ती चांगली खोली नव्हती.

नंतर भांडी आवरायला नणंद स्वयंपाकघरात आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ताटं पुसता पुसता तिनं सरळ विचारलं, "वैनी, तुला ती खोली पाहिजे होती काय?"

मी म्हणाले, "मला कशाला वन्सं? माझं घर आहे."

"मग बरं. मला वाटलं मी तुझी जागा घेतली." ताट ठेवून म्हणाली, "पाहिजे तर दोघी राहू. भांडण झालं की एक बाहेरच्या दारानं जाईल, एक आतल्या."

मी हसले. तीही हसली. मग ती बाहेर जाऊन मुलाच्या शेजारी बसली आणि दोघांनी क्रिकेट लावलं. ती त्याला फलंदाजाचं काय चुकलं ते सांगत होती आणि तो शाळकरी पोरासारखा ऐकत होता. मी ऊस तोडत होते. इतक्या जोरानं की सून आत बघायला आली.

चारला तिघं गेली. मी पुन्हा माळ्यावर चढले. काम राहिलं होतं म्हणून चढले, पण हात चालत नव्हते. मी स्वतःची समजूत घालून पाहिली. मुलानं विचारलं, मी ठीक म्हणाले, ठीक म्हणजे राहण्याजोगं, आणि राहण्याजोगं ते होतंच. जनरेटरशेजारी हजारो लोक झोपतात. शिवाय आराखडा तिच्या हातात होता, चष्मा होता, ती गणिताची बाई आहे. पण तिला ती अक्षरं काय सांगतात हे माहीत नव्हतं आणि मला होतं. काउंटरच्या पलीकडे बसलेल्या किती अनोळखी जोडप्यांना मी म्हटलंय, साहेब, ही बाजू घेऊ नका, दुसरी बघा. त्यांच्याकडून मला काय मिळायचं होतं? आणि उद्या एकदा पावती झाली की बिल्डर जागा बदलून देत नाही. पुढची किती वर्षं असतील ती, ती बाई रोज संध्याकाळी खिडकी लावून घेणार, आणि मी भेटायला गेले की मलाही त्याच वासात बसून कॉफी प्यावी लागणार.

तरी संध्याकाळी मी फोन केला नाही. दोनदा उचलला आणि ठेवला. माळ्यावरची शेवटची पेटी न उघडताच भंगारात दिली.

१५ जानेवारी. सकाळी गॅसवर दूध ठेवलं आणि मुलाला नाही, नणंदेला फोन लावला. तिची अंघोळ झालेली होती, आवाजावरून कळलं.

"वन्सं, ती खोली घेऊ नका."

"का? तुला पाहिजे?"

"हो, पाहिजे. पण त्यासाठी सांगत नाही. खिडकीखाली जनरेटर आहे आणि गटाराचं यंत्र. आराखड्यात त्याच मजल्यावर पलीकडच्या अंगाला असंच घर आहे, रस्त्याकडचं. दुपारचं ऊन येईल, पडदा लावा. पण बसेस दिसतील."

"काल का नाही सांगितलीस?"

"काल सांगावंसं वाटलं नाही."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"सरि," ती म्हणाली. इथे 'बरं' म्हणायला सगळे हेच म्हणतात, पण तिनं ते सावकाश म्हटलं. "नऊला पोराची गाडी मला न्यायला येणार. मला घेऊन तुझ्याकडे ये म्हण त्याला. त्या विक्रीच्या पोरीशी मला बोलता येत नाही, तू बोल. आणि मागं माझ्याजवळ बस."

मी मुलाला फोन करून तसं सांगितलं. त्यानं कारण विचारलं, मी म्हणाले गाडीत सांगते. मग साडी बदलली, चष्मा पुसला आणि पावणेनऊलाच गेटवर जाऊन उभी राहिले.