आमचे भित्रे डॉक्टर

आमचे डॉक्टर घाबरट होते. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही, सगळं रावेर बोलायचं. स्टेशनरोडला त्यांचा लहान मुलांचा दवाखाना होता. दारावर नावाची पाटी होती, पण नाव विचारलं तर कुणाला सांगता आलं नसतं. "भित्र्या डॉक्टरकडे जाऊन आलो" म्हटलं की समजायचं. बाकीचे डॉक्टर म्हणत, काही होत नाही, घाबरू नका. हे चष्मा कपाळावर सारून म्हणत, "ताई, मला भीती वाटतेय." आता बोला! ज्याच्याकडे धीर मागायला जायचं, तोच असा.

लस टोचली की आई-बापांना बाळ घेऊन बाहेरच्या बाकावर बसवून ठेवायचे. दर थोड्या वेळाने पडदा सारून डोकावायचे. केळीचा ट्रक अर्धा भरून सोडून आलेले बाप चरफडायचे, पण सुटका नाही. संध्याकाळी पुन्हा स्वतः फोन. "ताप किती? हात लावून सांगू नका, थर्मामीटर लावा." एकदा एका आजीबाईंनी विचारलंच, "डॉक्टर, इतके कायले घाबरता हो?" तर म्हणाले, "न घाबरणारा डॉक्टर माझ्या धाकट्या भावाला मिळाला होता." लगेच पुढच्या पेशंटला हाक मारली.

माझी मुलगी जन्मली तेव्हा पिवळी होती. त्यात विशेष काही वाटलं नाही, पुष्कळ बाळं असतात. पण महिना उलटला तरी डोळ्यांतला पिवळेपणा जाईना. सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात. अक्कांनी पाच पोरं वाढवली, त्यामुळे त्यांच्यापुढे कोण बोलणार? त्या म्हणायच्या, "पोरीले उन्हात धर. लंगोट पिवळे हू रायले नं, म्हंजे कावीळ निघू रायली." खरंच लंगोट इतके पिवळे व्हायचे की डाग निघायचे नाहीत. आम्हाला बरं वाटायचं. आणि शी होती पांढरीफेक. तिचं तर अक्कांना कोण कौतुक! "आईचं दूध निव्वळ उतरू रायलं, पाह्य," असं त्या शेजारणींना सांगायच्या आणि मीही फुशारून जायचे.

दीड महिन्याच्या लशीला मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सुई हातात घेतली, तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि सुई खाली ठेवली. "शी कोणत्या रंगाची होते?" मी कौतुकाने म्हणाले, "पांढरी, अगदी दुधासारखी." डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सारला. मग म्हणाले, भरलेलं दुपटं द्या. दुपटं घेऊन ते दारात उन्हात गेले. रस्त्यावरचे ट्रकवाले बघताहेत, रिक्षावाला नाक दाबतोय आणि आमचे डॉक्टर बाळाची शी उन्हात धरून उभे. परत आले आणि माझ्यासमोर बसले.

"ताई, शी पांढरी नसते," ते म्हणाले. "रक्तातल्या जुन्या पेशी मोडतात, त्यांतून पिवळा रंग निघतो. लिव्हर तो पित्तात टाकतं. पित्त नळीतून आतड्यात उतरतं. तिथले जंतू त्या पिवळ्याचं रूप पालटतात, म्हणून शीला रंग येतो. हिच्या शीत रंगच नाही. म्हणजे पित्त खाली उतरतच नाहीये. तुमच्या शेतात ठिबकची नळी चोक झाली तर पाणी कुठे जाईल? इथे पित्त लिव्हरमध्येच तुंबलंय आणि लिव्हरलाच खातंय. लंगोट पिवळा होतो तो त्यामुळेच. रंगाला दुसरी वाट नाही, म्हणून तो लघवीतून निघतोय. तपासणीत हेच निघालं तर ऑपरेशन लागेल, आणि तेही दोन महिन्यांच्या आत व्हायला हवं. उशीर झाला तर लिव्हर राहत नाही. मला फार भीती वाटतेय."

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. घरात सांगितलं तर अक्का उसळल्या. "त्या भित्र्याचं काय ऐकते? त्याले सर्दीचंबी भेव वाटते! इतकुशा लेकराचं पोट फाडतील का?" नवरा म्हणाला, केळीची कापणी चालू आहे, आठवडाभर बघू. मी रडत बसले. घाबरले होते मी, पण नुसतं घाबरून घरात चालत नाही, घाबरणाऱ्याच्या शब्दाला वजन लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या दारात गाडी थांबली. कुणाच्या घरी कधी न जाणारे डॉक्टर दवाखाना बंद ठेवून आले होते. अक्कांनी चहा पुढे केला, त्यांनी कपाला हात लावला नाही. "अक्का, मी घाबरलोय. आता तुम्हीही घाबरा. घाबरून आजच निघा. हे सगळं खोटं ठरलं तर मला गावभर भित्रा म्हणून हिणवा, मी ऐकून घेईन." अक्का पदराने डोळे पुसून माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "केया जाऊ दे मसनात. गाडी काढ."

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात तेच निघालं. लिव्हरपासून निघणारी नळी बंद होती. तिथल्या डॉक्टरांनी मुलीच्या आतड्याचा तुकडा वर नेऊन थेट लिव्हरला जोडला. पित्त उतरेल की नाही, हे मात्र कुणी सांगू शकत नव्हतं. बघत राहायचं, एवढंच. आमचे डॉक्टर रोज सकाळी रावेरहून फोन करायचे आणि एकच शब्द विचारायचे, "रंग?" मी म्हणायचे, "पांढराच." ते म्हणायचे, "उद्या पुन्हा करतो." एका सकाळी दुपटं उघडलं तर आत हिरवट पिवळा डाग. लोकांना सोन्याचं कौतुक असतं, मी त्या घाणीला हात जोडले. फोनवर ओरडलेच, "डॉक्टर, हिरवी!" पलीकडून आवाज येईना. मला वाटलं फोन कटला. डॉक्टर रडत होते.

घरी आल्यावर मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस हसेल. कसचं काय! समोर बसवून म्हणाले, "शरीर फार काटकसरी असतं, ताई. तूप-तेल पचवून झालं की पित्त फेकून देत नाही. आतड्याच्या शेवटाला बहुतेक सगळं उचलून परत लिव्हरकडे पाठवतं, तेच पुन्हा वापरतं. हिची ती येरझार आता सुरू झालीय. पण आपण जी वाट उघडली, तिच्यातून आतड्यातले जंतूही वर चढू शकतात. हिला ताप आला तर त्याला साधा ताप म्हणायचं नाही. निम्म्या रात्रीही माझ्याकडे यायचं." पुढची सगळी वर्षं आम्ही गेलो आणि प्रत्येक वेळी ते आमच्याआधी घाबरले. आमच्या वाट्याची भीती ते घ्यायचे, म्हणून मला रांधता आलं, झोपता आलं, शेतात जाता आलं.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर गेले. सकाळी दवाखान्याचं कुलूप काढताना तिथेच कोसळले. त्यांच्या दारात जमलेल्या बायका माहेरचं माणूस गेल्यासारख्या रडत होत्या. मी मात्र रडू शकले नाही. मला नुसती भीती वाटत होती. आता हिला ताप आला तर?

आणि तो आलाच. मुलगी आता चौथीत आहे. दुपारी शाळेतून आली ती अंग तापलेलं घेऊन. दवाखान्यात आता एक तरुण डॉक्टर बसतो. चांगला आहे, हसरा आहे. जुनी फाईल वरवर चाळून म्हणाला, "व्हायरल आहे, ताई. सगळीकडे चालू आहे. घाबरू नका." मी उठले नाही. म्हणाले, "डॉक्टर, हिचं लिव्हर आतड्याला जोडलेलं आहे. मला भीती वाटतेय. रक्त तपासा. तपासल्याशिवाय मी इथून हलणार नाही." बाहेर पेशंट खोळंबले, कंपाउंडर कुरकुरला. मी बसून राहिले.

संध्याकाळी रिपोर्ट आला. तो वाचता वाचता त्या पोरगेल्या डॉक्टरचं हसू मावळलं. त्याने फाईल पुन्हा पहिल्या पानापासून उघडली, "जंतू लिव्हरपर्यंत चढलेत," म्हणत ताबडतोब जळगावच्या मोठ्या दवाखान्यात फोन लावला आणि आम्हाला सोडायला स्वतः गाडीपर्यंत आला. दार लावताना म्हणाला, "ताई, पोचल्यावर मला फोन करा. नक्की करा." आठवड्याने ती घरी आली, बरी आहे. पण खरं सांगते, त्या संध्याकाळी त्याला घाबरलेला पाहिला, तेव्हा कुठे मला धीर आला.