तिसऱ्या वळणावरच्या गाठी

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. अकोल्याला कापसाच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये माल रवाना करणारा कारकून होतो मी. वय सव्वीस, मूळ गाव दर्यापूरकडचं. यंत्रांचं मला भारी वेड, पण घरात सायकलीपुढं काही नव्हतं. त्यामुळे गावाबाहेरच्या, लढाईच्या काळातल्या विमानपट्टीवर शनिवार-रविवार मोटरसायकलींच्या मोठ्या शर्यती होणार हे कळलं, तेव्हापासून माझं कामात लक्ष नव्हतं.

गुरुवारी आयोजकांपैकी एक गृहस्थ प्रेसवर आले. वळणावळणांवर रचायला त्यांना गवताचे भारे हवे होते, ते पुरेसे मिळाले नव्हते.

"तुमच्याकडे कापूस आहे. तो तर गवताहून मऊ," ते म्हणाले.

मालक खुशीनं तयार झाले. फक्त मोकळा कापूस द्यायला नको म्हणाले. पेट्रोलच्या जवळ ठिणगी पडली तर? तयार गाठी न्या, म्हणाले.

प्रेसमधली गाठ ज्यानं पाहिली नाही त्याला हे कळायचं नाही. सरकी काढलेली रुई यंत्राखाली दाबून दाबून, वर तरट लावून लोखंडी पट्ट्यांनी आवळतात. तिच्यावर बुक्की मारली तर बोटं झिणझिणतात.

शुक्रवारी गाठी गाड्यांवर चढवताना आमच्या हमालांचा म्हातारा जमादार माझ्याजवळ आला.

"बाबूजी, ह्या गाठी कायले नेऊन राहिले?"

"वळणावर लावाले. कोनी पडला तं लागू नये म्हनून."

"लागू नये?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "अजी, गाठ म्हंजे गोटा हाये. मोकळ्या कापसाचे बोरे न्या म्हना. त्या साहेबाले समजत नसन, तुमाले तं समजते ना?"

"सांगतो," मी म्हणालो.

आणि सांगायलाच गेलो होतो. पट्टीवर पोचलो तर ते गृहस्थ शामियान्यातून लगबगीनं बाहेर आले, खिशातून दोरा ओवलेलं गुलाबी कार्ड काढलं आणि स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात घातलं. "तुम्ही आमचे पाहुणे. दोन्ही दिवस आत या. दोराच्या अलीकडं कुठंही फिरा."

प्रेक्षकांसाठी बांधलेल्या त्या दोराच्या पलीकडं उभं राहायलाही लोक तिकीट काढणार होते. मी आभार मानले. गाठींचं बोलणं विसरलो असं आजवर पुष्कळांना सांगितलं आहे. विसरलो नव्हतो. गाठी नकोत म्हटलं तर कार्डही जाईल, असं तेव्हा वाटलं, इतकंच.

शनिवारी सकाळी आत गेलो. सगळीकडे एरंडेलाचा वास होता. आमच्याकडे पोट साफ करायला देतात ते तेल ह्या गाड्यांच्या इंजिनात घालतात, हे मला तिथं कळलं. चादरी अंथरून, त्यावर पाने-पकडी मांडून माणसं देवपूजेसारखी शांतपणे कामाला लागली होती. पुण्याचे एक गॅरेजवाले होते, चाळिशीचे, केस विरळ झालेले, स्वतः शर्यतीत उतरलेले. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. इंजिन उघडून दाखवलं, प्लग कसा वाचायचा ते शिकवलं. राखाडी असला तर बरा, काळा असला तर पेट्रोल जास्त. इतक्या आपुलकीनं मला तोवर कुणी काही शिकवलं नव्हतं.

दुपारी चहा पिताना त्यांनी तिसऱ्या वळणाकडे बोट केलं.

"ते भारे कापसाचे आहेत ना?"

"हो. आमच्याच प्रेसचे."

"मग काय! पडलो तर गादीवर पडेन."

ते हसले. मीही हसलो. ते माझं हसणं मला अजून ऐकू येतं, भर दुपारी, चारचौघांत बसलेलो असताना.

रविवारी तिसऱ्या फेरीत त्यांचं मागचं चाक घसरलं. मी वळणापासून शंभर पावलांवर होतो. गाडी एकीकडे गेली, ते घसरत गाठींवर आले. आवाज झाला. गाठ जागची हलली नाही. धावत जाऊन चौघांनी त्यांना उचललं, त्यात मी होतो. उजवा पाय मांडीतून वाकडा झाला होता. शुद्ध होती, पण डोळे कुणाकडेच बघत नव्हते.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. मला ओळखून त्यांनी माझा हात धरला आणि पलंगाशी बसलेल्या बायकोला म्हणाले, "हेच ते. ह्यांचा कापूस होता म्हणून वाचलो गं. दगडी कठडा असता तर संपलो होतो."

मी हात सोडवून घेऊन उठलो. पण बाहेर व्हरांड्यात त्या बाई माझ्या मागोमाग आल्या, तेव्हा मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. जमादार काय म्हणाला, कार्ड, गादीचं बोलणं, सगळं.

त्यांनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"डॉक्टर म्हणतात पाय वाकणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना हे कधी सांगू नका. कुणीतरी आपल्याला वाचवलं, एवढ्यावरच ते सध्या तग धरून आहेत."

"तुमी मले काही म्हना तरी," मी म्हणालो. घाबरलो की माझी भाषा गावाकडे जाते.

"काय म्हणू?" त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

त्या दिवाळीला पुण्याहून त्यांचं पोस्टकार्ड आलं. पाय ताठ झाला आहे, पण गॅरेज सुरू केलं. तुमची आठवण निघते. एकदा घरी या. पुढच्या दिवाळीला पुन्हा आलं, त्याच्या पुढच्यालाही. प्रत्येक कार्डावर त्यांचंच अक्षर असे. खाली बाईंची एक ओळही नसे. मी दर वेळी उत्तर टाकत असे: इकडे सर्व कुशल, पाऊसपाणी बरं आहे, सौ. वहिनींना नमस्कार.

चौथ्या दिवाळीला कार्ड आलं नाही. मी आठ दिवस पोस्टमनची वाट पाहिली. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं की दुसरंच काही झालं, हे विचारायला मी पत्र टाकलं नाही, आणि पुण्याला पुढे दोनदा जाणं झालं तेव्हा पत्ता खिशात असूनही त्या गल्लीकडे गेलो नाही.