काचेवरचं कुंकू

कॅमेरा घरात आला आणि मला अन्न गोड लागेना. लोणी देवकरच्या कारखान्यात नोकरीला लागलेल्या थोरल्या भावानं बारामतीच्या एका स्टुडिओतून तो माझ्यासाठी जुना घेतला होता. कॉलेज सुटलं की मी त्या स्टुडिओच्या काचेला नाक लावून उभी असायचे, ते कधीतरी त्याच्या नजरेला पडलं असावं. कॅमेरा आपोआप चालणारा नव्हे, सगळं हातानं जुळवायचा. आत डोळा लावला की बाजूला एक सुई दिसायची. ती मधोमध आणायची, मग समोरचं माणूस स्पष्ट होईस्तोवर भिंगाची कडी फिरवत बसायचं. तोवर माणूस कंटाळून निघून जायचं.

स्टुडिओवाल्या काकांनी शिकवलं कमी, धाक घातला जास्त. ऊन लागू देऊ नका, धूळ लागू देऊ नका, आणि पुढच्या काचेला बोट तर अजिबात लावू नका. आता आमच्या कळंबच्या वस्तीवर, दारात मेंढरं बसलेली असताना, धूळ लागू द्यायची नाही म्हणजे कमालच झाली. मी तो आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून फडताळात ठेवला. तासातासाला उघडून बघायचे. भाऊ म्हणायचा, अगं, अंडं उबवतीस का फोटो काढतीस?

अशात तात्यांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मला काम सांगितलं. मेंढरं विकायची ठरली होती. कालव्याचं पाणी आलं तसा चहूकडं ऊस झाला, चरायला रान राहिलं नाही, आणि भाऊ कारखान्यात, मी कॉलेजात म्हटल्यावर त्यांच्यामागं जाणार तरी कोण? व्यापारी रविवारी सकाळी टेम्पो घेऊन यायचा होता. आदल्या संध्याकाळी तात्या माझ्याकडं न बघताच म्हणाले, "जायच्या आदी एक फोटू काढ. माझा न् त्यांचा, संगट."

तांब्याभर पाण्यापलीकडं त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. चुकलं तर उद्या पुन्हा काढू म्हणायची सोय नव्हती. उद्या मेंढरंच नसणार होती.

सकाळी मी वेणी घालून बाहेर आले, तर आई ओट्यावर कॅमेरा पाटावर ठेवून बसलेली. पुढं हळदीकुंकवाची कोयरी. आमच्याकडं पाण्याची मोटर आली, नांगर आला, तरी पूजा केल्याबिगर कुणी हात लावत नाही. कॅमेऱ्याचं तेवढं राहून गेलंय हे तिला नेमकं आजच आठवलं होतं. आणि तिनं ओल्या बोटानं हळद आणि तिच्यावर कुंकू लावलं होतं ते कुठं, तर बरोबर काचेवर. मी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, तितं कशाला लावलंस?"

"तोच त्याचा डोळा की," आई म्हणाली. "मग टिळा काय बुडाला लावू?"

मी पदर ओढून पुसायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं. धनी दारात उभा असताना, सकाळच्या पारी, कुंकू पुसायला निघालीस? तिचा आवाज एवढा बदलला, की माझा हात आपोआप मागं आला. मी तसाच डोळा लावून बघितलं. मेंढरांच्या जागी लालसर धुकं, आणि तात्या तर कुठं दिसेचनात. कडी इकडून तिकडं फिरवली, काही उपयोग नाही. तेवढ्यात वळणावर टेम्पोचा हॉर्न वाजला. मला रडूच फुटलं. आईवर राग, कॅमेऱ्यावर राग, आणि त्या बिचाऱ्या व्यापाऱ्यावरसुद्धा. मेला अर्धा तास उशिरा आला असता तर काय बिघडत होतं!

तात्या वाघरातून, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणातून, बाहेर आले. काचेवर ‘हाऽ’ करून वाफ सोडली आणि धोतराच्या सोग्यानं ती हलक्या हातानं पुसली, कोकराचा चिकटलेला डोळा पुसावा तशी. आई तोंड फिरवून आत गेली. मला मात्र त्या जाड्याभरड्या सोग्याचीच धडकी भरली होती. आता ओरखडे पडले असणार, संपलं सगळं. तात्या परत जाऊन मेंढरांत उभे राहिले. सुई मधोमध राहीना. श्वास रोखून मी बटण दाबलं. एकदा, आणि घाबरून आणखी एकदा. पाठोपाठ टेम्पोचं फळकूट उघडलं.

रोल धुवायला पुण्याला जायचा. तो येईपर्यंत मी देव पाण्यात घालून बसले होते. जेवताना तात्या समोर असले की मान वर होत नसे, आणि तेही फोटोचं काही विचारत नसत, त्यानं तर जास्तच जीव जायचा. शेवटी एकदाचं काकांनी पाकीट हातात दिलं. मी दुकानातच खाली बसले. फोटो आला होता. कडांना जरा पिवळट झाक होती, पण तात्या स्पष्ट, आणि त्यांच्या गुडघ्यांभोवती सगळी काळी तोंडं. सकाळची धूळ छान पकडलीत, असं काका म्हणाले. ती धूळ कुठली, ते मी त्यांना सांगितलं नाही.

भावानं तो मोठा करून चौकटीत बसवून आणला. तात्यांनी तो मांडीवर घेतला आणि बराच वेळ एकेका तोंडावरून बोट फिरवत राहिले. मी सुटले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला. भाऊ हातोडी घेऊन भिंतीपाशी गेला. भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो होता, त्याच्या शेजारी त्यानं खिळा धरला.

"तितं नगं," तात्या म्हणाले. "तितं गेलेल्यांचं लावत्यात. ही जित्ती हायत."

व्यापाऱ्याचा टेम्पो कुठं जातो हे वस्तीवर कुणाला ठाऊक नव्हतं? तात्यांना तर आमच्या सगळ्यांच्या आधीपासून. आईनं माझ्याकडं बघितलं, मी भावाकडं. भावानं हातोडी हळूच खाली ठेवली.